चिलमीच्या डोंगरावर ठिपका नाही

"डोंगर रिकामा आहे," बर्वे सर म्हणाले आणि हातातल्या लेसरचा लाल उजेड त्यांनी भिंतीवरच्या नकाशात चिलमीच्या डोंगराच्या बरोबर डोक्यावर टेकवला.

बोरजाईवाडीच्या ग्रामपंचायतीत सभा भरली होती. नकाशा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला होता, आणि आत जीव उकडून निघत होता. पहिल्या रांगेत सरपंच छबूताई हाके बसल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर खोचून बसायची सवय. त्यांनी नकाशाकडे हात केला.

"रिकामा म्हंजी?"

"म्हणजे तिथं प्राण्याचा वावर नाही. हे बघा, ठिपके सगळे खाली, ओढ्याच्या कडेला. डोंगरावर जवळपास शून्य."

"आवं, पण ती ऱ्हातीच की तिथं."

"कोण?"

"तरसीण. तुमीच पट्टा बांधलाय न्हवं का तिच्या गळ्यात?"

बर्वे सर हसले. सभेत कुणी खरं बोललं की ते असंच समजुतीनं हसायचे. "ताई, तुम्ही म्हणता तो झाला अनुभव. आपण डेटावर बोलू."

मी मागे लॅपटॉप सांभाळत उभी होते. रेवती चौगुले, मूळची इचलकरंजीची, शिक्षण प्राणिशास्त्राचं, पद क्षेत्र संशोधक. म्हणजे क्षेत्रात मी जायचं आणि संशोधक सर.

थोडं मागचं सांगते, नाहीतर तुमचाही नकाशा चुकेल. चिलमीचा डोंगर म्हणजे माणदेशाच्या कडेचा एक उघडाबोडका कातळ. वर निमुळता होत गेलेला, म्हणून ते नाव. त्याच्या पोटात खोल कपारी आहेत, आणि सगळ्यात खालच्या कपारीतून पाणी झिरपतं. पायथ्याला हाके मंडळींची वस्ती आहे, ती मेंढरांसकट उन्हाळा त्या पाण्यावर काढते. नाना भोइटे नावाच्या गृहस्थांना तो डोंगर खडी क्रशरसाठी हवा होता. सुरुंग लागले की कपारी फुटणार, झरा बुजणार आणि वस्ती उठणार, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळत होतं. छबूताईंचं घर तर डोंगराला पाठ लावूनच उभं होतं.

पण याचा निकाल पोराच्या हातात नव्हता, एका समितीच्या हातात होता. तिचा नियम असा, की पट्टा बांधलेल्या वन्य प्राण्याच्या एकूण ठिपक्यांपैकी पाचवा हिस्सा ज्या डोंगरावर पडेल, तो डोंगर फोडायचा नाही. पाचवाच का, असं विचारलं की सगळे वर बोट दाखवायचे. अभ्यासाचं काम आमच्या पुण्याच्या संस्थेला मिळालं. आम्ही पिंजरा लावला, तरसाची मादी सापडली, तिला गुंगी देऊन पट्टा बांधला आणि सोडली. तेव्हापासून ठरावीक वेळानं पट्टा उपग्रहाशी बोलायचा आणि सरांच्या स्क्रीनवर ठिपका पडायचा. वस्तीवर तिला मावशी म्हणत. मेलेली ढोरं निस्तरायची, जित्याच्या वाटेला जायची नाही, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

सभा संपल्यावर मी सरांना गाडीपाशी गाठलं.

"सर, पट्ट्याला उघडं आकाश लागतं. ती दिवसभर कपारीत झोपते. दगडाखालून ठिपका कसा येईल? रात्री ती खायला बाहेर पडते, म्हणून ओढ्यावर दिसते. जिथं घर आहे तिथंच ती दिसत नाही."

"शक्य आहे," सर म्हणाले. माणूस प्रामाणिक होता, हे मान्य करायला हवं. "पण चौगुले, गाळलेल्या जागांना नकाशात रंग नसतो."

"मग तसं लिहूया ना अहवालात. इतके ठिपके आले नाहीत, आणि ते का आले नाहीत."

"परिशिष्टात टाकू."

परिशिष्ट कुणी वाचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मला भयंकर राग आला. मी पुढचा सगळा रस्ता एक शब्द बोलले नाही. सरांच्या ते लक्षात आलं नाही, कारण ते नकाशाच्या रंगांबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी छबूताईंनी मला घरी बोलावलं. चहा पुढे ठेवला, आणि समोर बसकण मारली.

"मला एकच सांगा मॅडम. ती जिथं जेवंल तिथं ठिपका पडतो, व्हय का न्हाय?"

"पडतो. उघड्यावर असेल तर."

"मग आमी वर वाढतो की तिला."

मी म्हणाले, "ताई, असं करता येत नाही. मग ते तिचं नैसर्गिक वागणं राहत नाही."

"आणि नानाच्या पोल्ट्रीतल्या मेल्या कोंबड्या वड्याला टाकत्यात, ते नैसर्गिक हाय व्हय?"

ओढ्याच्या कडेला नानांची पोल्ट्री होती, आणि आमच्या नकाशातले निम्मे ठिपके पोल्ट्रीच्या उकिरड्यावर पडत होते. सरांनी त्या भागाला नाव दिलं होतं, 'नदीकाठचा समृद्ध अधिवास.'

त्या आठवड्यात वस्तीवरची एक म्हातारी म्हैस मेली. एरवी तिला ओढ्याकडे ओढत नेलं असतं. या खेपेला वस्तीवरच्या बाप्यांनी तिला बांबूला बांधून चिलमीच्या वरच्या सपाट कातळावर नेलं. निम्म्या वाटेत दोघं धापा टाकत खाली बसले. एक जण म्हणाला, जिती असताना हिनं एवढी सेवा करून घेतली नव्हती. पण म्हैस वर पोचली, मावशीला वास पोचला, आणि पुढच्या काही रात्री ठिपके टपाटप डोंगरावर पडले.

पुण्याहून फोन आला. "चौगुले, प्राणी वर सरकतोय."

"हो सर."

"काय कारण असावं? तापमान?"

"तापमान असू शकेल सर," मी म्हणाले.

आता नाना भोइट्यांचं. नाना गोड माणूस. कुणाला अरेतुरे नाही, आवाज चढवणं नाही. हात जोडूनच बोलायचे, आणि जोडलेल्या हातांतून काय निसटतंय ते आपल्याला दिसायचं नाही. त्यांच्या ऑफिसातही नकाशा दिसत होता, कारण समितीनं तो सगळ्यांना खुला ठेवला होता. पारदर्शकता म्हणतात ती ही. ठिपके वर चाललेले बघितल्यावर नानांच्या पोल्ट्रीची गाडी ओढ्यापलीकडच्या माळावर जाऊन रिकामी व्हायला लागली. मावशी काय, पंगत जिकडे तिकडे ती. ठिपके माळावर गेले.

मग वस्तीनं शेजारच्या गावातून मेलेला बैल आणवला. ठिपके परत डोंगरावर. नानांनी कत्तलखान्याशी संधान बांधलं. ठिपके माळावर. असं करत करत आख्खा हंगाम गेला. पंचक्रोशीत कुठं ढोर आजारी पडलं की दोन्हीकडची माणसं तब्येतीची चौकशी करायला जाऊन बसायची. एका बाईनं तर आपल्या शेळीला साधा खोकला झालाय म्हणून दोघांनाही हाकलून दिलं.

मावशी एवढी जाडजूड झाली, की पट्टा घट्ट होतो की काय अशी मला काळजी लागली.

आणि बर्वे सरांना तर उचंबळून आलं. त्यांनी लेखाचा मसुदा मला पाठवला. त्यात लिहिलं होतं, की दख्खनच्या पठारावरील पट्टेरी तरसात द्विकेंद्री आवर्तनशील स्थलांतर प्रथमच नोंदवण्यात येत आहे. खाली दोन रंगांचा नकाशा. दिसायला खरंच सुंदर होता हो. म्हशीला हिरवा आणि कोंबड्यांना नारिंगी.

ठिपक्यांचं हे फुगडी घालणं समितीच्याही डोळ्यांवर आलं. डोंगरावरचा हिस्सा कधी पाचव्याच्या वर जायचा, कधी खाली. शेवटी ठरलं, की समितीचे सचिव डोईफोडे साहेब प्रत्यक्ष पाहणी करतील आणि सुनावणीत आपला अभिप्राय देतील. म्हणजे आता सगळं त्या एका माणसावर आलं.

डोईफोडे साहेब आले ते भर उन्हाचे, दुपारच्या जेवणानंतर. अंगानं भारदस्त, कपाळावर रुमाल, हातात मोबाईल. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"इथं रेंज आहे का?"

"वर हाय, कपारीत न्हाय," छबूताई म्हणाल्या.

"मला चारच्या आत हजेरी लावायची आहे. कार्यस्थळावरून. नवीन ॲप आलंय आमच्याकडं. चेहरा दाखवायचा आणि लोकेशन यावं लागतं. नाही आलं तर त्या दिवशी मी नव्हतोच." ते थांबले आणि आवाज उतरला. "दोन नोटिसा झाल्यात माझ्या. तिसऱ्या वेळी घरी बसवतात."

"होऊन जाईल साहेब," नाना हात जोडून म्हणाले. त्यांनी थर्मास आणला होता, वेफर्सचे पुडे आणले होते, आणि पाहणीचं शूटिंग करायला तालुक्याहून एक लग्नातला ड्रोनवाला आणला होता. बर्वे सर आले होते, पण गुडघ्यामुळे खाली गाडीतच बसले. डोंगर त्यांनी स्क्रीनवर इतका बारकाईनं बघितला होता, की चढायची गरज त्यांना वाटत नव्हती.

आम्ही चौघं चढलो. पुढे छबूताई, मग मी, मग नाना, आणि शेवटी दर वळणावर थांबणारे डोईफोडे साहेब. मोठ्या कपारीच्या तोंडाशी पोचल्यावर साहेब सावलीला दगडावर टेकले, पुडा फोडला आणि बाहेर नजर फिरवली.

"काय आहे इथं? दगड आहेत."

"साहेब, ती दिवसा आतच असते," मी म्हणाले. "हाडं बघा ही. ताजी आहेत. कपारीतून सिग्नल येत नाही, म्हणून ठिपका नाही."

"मॅडम, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण मी नियमानं बांधलेला माणूस आहे. ठिपका आहे तर प्राणी आहे. ठिपका नाही तर प्राणी नाही. उद्या कुणीही येऊन म्हणेल, माझ्याकडे हत्ती आहे, फक्त दिसत नाही."

नाना समाधानानं हसले. खाली छबूताईंच्या घराचा पत्रा दिसत होता, आणि अंगणात वाळत घातलेली लुगडी. त्यांनी एकदाच तिकडे बघितलं. मला त्यांचं तोंड बघवेना.

तेवढ्यात ड्रोन वर आला.

ड्रोनवाल्याला सांगितलं होतं, साहेबांचा चेहरा नीट यायला पाहिजे. म्हणून त्यानं तो कड्याला घासत आणला, लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर आणतात तसा. कपारीच्या वरच कड्याला आग्या मोहोळ लोंबत होतं. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. ड्रोनला कोण सांगणार. ड्रोन घरघरत मोहोळाजवळून गेला, आणि पुढच्या क्षणी कडा काळा झाला.

"आत," छबूताई म्हणाल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. पदरानं डोकं झाकलं, साहेबांच्या कॉलरला धरलं आणि त्यांना आत ओढलं. मागोमाग मी आणि नाना. खाली ड्रोनवाला रिमोट टाकून गाडीकडे पळताना दिसला. ड्रोन दगडावर आपटून गप्प झाला. माश्या मात्र कपारीच्या तोंडाशी भिंत धरून राहिल्या.

आत मिट्ट अंधार, आणि वास असा की नानांनी तोंडाला उपरणं लावलं. नानांच्या कानाला एक माशी चावलीच होती, तो कान फुगत चालला होता. साहेबांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि घड्याळ बघितलं.

"मला बाहेर जायला पाहिजे. चारच्या आत."

"जावा की," छबूताई म्हणाल्या. "पण त्या माश्या डोळं काढत्यात."

साहेबांनी तिथूनच ॲप उघडलं. तोंड मोबाईलसमोर धरलं, घाम पुसला, पुन्हा धरलं. मोबाईलमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "चेहरा ओळखला. स्थान सापडले नाही. कृपया कार्यस्थळी उपस्थित राहा."

"अगं बाई, उपस्थितच आहे मी," साहेब मोबाईलला म्हणाले.

त्यांनी हात वर करून बघितला. वाकून बघितलं. नानांच्या खांद्यावर मोबाईल ठेवून बघितला. बाई तेच म्हणत राहिली. साहेब आकाशाच्या शोधात आणखी आत सरकायला लागले, तिकडून कुठून तरी बारीक उजेड येत होता म्हणून.

"लई आत जाऊ नका," छबूताई हळूच म्हणाल्या. "मावशी निजली आसंल."

"कोण मावशी?"

उत्तर आतून आलं. मोठं नव्हतं ते. नुसता घशातला खर्ज, पण जमिनीतून आल्यासारखा तळपायाला कळला. टॉर्चच्या उजेडात मागच्या कोपऱ्यात दोन हिरवे डोळे लुकलुकले आणि त्यांच्याखाली आमच्या पट्ट्याची बक्कल चमकली.

डोईफोडे साहेब भिंतीला चिकटले. "इथं... इथं काहीतरी आहे."

"न्हाय साहेब," छबूताई म्हणाल्या. "ठिपका कुठाय? नियमानं तर कुणीच न्हाय."

नाना खोकले. मला हसू आवरेना. मी हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं, की तरस विनाकारण अंगावर येत नाही, तिला वाट मोकळी ठेवा आणि गप्प उभे राहा. मावशीनं आम्हा चौघांकडे एकेकदा बघितलं, तोंड वळवलं आणि पुन्हा आडवी झाली. वस्तीनं आणि नानांनी मिळून तिला इतकं खाऊ घातलं होतं, की तिला उठायचाही कंटाळा असावा.

पण साहेबांची खरी भीती तरसाची नव्हती. ते सारखे मोबाईलच बघत होते. चार वाजले, आणि बाईनं जाहीर केलं, "आपली आजची अनुपस्थिती नोंदवण्यात आली आहे."

तो माणूस खरोखर खचला. दगडावर बसला आणि म्हणाला, "माझी मुलगी बारावीला आहे हो." त्या क्षणी मला त्याची मनापासून कीव आली. समोर जिवंत बसलेला माणूस नसल्याचं ते यंत्र सांगत होतं, आणि त्याच्या साहेबांच्या साहेबांना यंत्रच खरं वाटणार होतं.

"व्हिडिओ करा, साहेब," मी म्हणाले. "तुम्ही इथं आहात, एवढं सांगा. आम्ही साक्षीला आहोत."

त्यांचे डोळे चमकले. केस सारखे केले, रुमाल खिशात घातला. मी माझ्या फोनवर शूटिंग सुरू केलं. भीती असो, माश्या असोत, मागे तरस असो, टिपणी म्हटल्यावर त्यांचा आवाज ठणठणीत झाला.

"मी, समितीचा सचिव डोईफोडे, याद्वारे नमूद करतो की आज रोजी मी चिलमीच्या डोंगरातील कपारीत प्रत्यक्ष उपस्थित आहे. तथापि सदर कपार दगडाने आच्छादित असल्याने येथून लोकेशन प्राप्त होत नाही. सबब, लोकेशन प्राप्त न होणे याचा अर्थ अनुपस्थिती असा काढण्यात येऊ नये. उलट, कपारीत असल्यामुळेच ते प्राप्त झाले नाही, असे समजण्यात यावे."

छबूताईंनी माझ्याकडे बघितलं. मी छबूताईंकडे बघितलं. नाना भोइटे आपला सुजलेला कान धरून आम्हा दोघींकडे बघत होते. साहेबांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण नानांना कळलं होतं.

"साहेब, ऱ्हाऊ द्या ते. मी वर फोन करतो ना," नाना घाईनं म्हणाले.

"नाही, नाही, रेकॉर्डवर पाहिजे," साहेब म्हणाले.

"शेवटचं जरा परत बोला साहेब," छबूताई म्हणाल्या. "मशिनीत नीट आलं पायजे."

साहेबांनी शेवटची दोन वाक्यं पुन्हा म्हटली, आणखी सावकाश. दिवस कलल्यावर माश्या मोहोळावर परतल्या, आम्ही खाली उतरलो, आणि मी तो व्हिडिओ साहेबांना पाठवून दिला.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी झाली. समितीच्या अध्यक्षा देवस्थळी मॅडम होत्या. कामापुरतं बोलायच्या, आणि दुसऱ्यानंही तसंच बोलावं अशी त्यांची अपेक्षा असायची. बर्वे सरांनी आपला दुरंगी नकाशा दाखवला. द्विकेंद्री हा शब्द तिसऱ्यांदा आल्यावर मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं.

मग डोईफोडे साहेब उभे राहिले. मला वाटलं होतं, ज्या माणसानं मावशीचे डोळे हातभर अंतरावरून बघितले, तो आता तरी खरं बोलेल. साहेबांनी कागद वाचला, "पाहणीअंती, डोंगरावर ठिपक्यांचा विहित हिस्सा आढळून येत नाही. सबब प्राण्याचे वास्तव्य सिद्ध होत नाही. क्रशरला हरकत नसावी."

छबूताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. नेसायला ठेवणीतलं हिरवं लुगडं. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आता."

मी उठले आणि फोन पडद्याला जोडला. भिंतभर डोईफोडे साहेब उमटले, घामाघूम, अंधारात. शब्द अन् शब्द सभागृहात घुमला. लोकेशन प्राप्त न होणे याचा अर्थ अनुपस्थिती असा काढण्यात येऊ नये. कुणीतरी मागे फिसकन हसलं. देवस्थळी मॅडम हसल्या नाहीत.

"डोईफोडे, हे तुम्हीच ना?"

"होय मॅडम. पण ते माझ्या हजेरीच्या संदर्भात..."

"त्या दिवशीची तुमची हजेरी मंजूर झाली?"

"झाली, मॅडम."

"कशाच्या आधारे?"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. "याच्या."

"मग मला सांगा. त्या कपारीतून लोकेशन येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे का? खोटं असेल तर तुम्ही त्या दिवशी गैरहजर होता, ते मी कळवते. खरं असेल तर तुमचा आजचा अभिप्राय पुन्हा वाचा."

एका बाजूला नाना हात जोडून बसले होते, दुसऱ्या बाजूला नोकरी होती. साहेबांनी आपला कागद चार घड्या करून खिशात घातला.

"खरं आहे, मॅडम. कपारीत असलं की ठिपका येत नाही."

डोंगर वाचला. आदेश निघाला आणि तो कायमचा होता, क्रशर दुसऱ्या जिल्ह्यात गेला. त्यातलं 'ठिपका नाही म्हणजे प्राणी नाही असे नव्हे' हे एक वाक्य इतकं गाजलं, की आजूबाजूच्या गावांनी भराभर अर्ज केले, आमच्याही डोंगरावर एकही ठिपका नाही, तरी संरक्षण मिळावे. ते समितीनं कसे निस्तरले मला माहीत नाही. परतीच्या वाटेवर एसटीत छबूताई खिडकीला डोकं टेकवून गुपचूप रडल्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण यश आलं की आपल्याकडे त्याला कुणीतरी फाटे फोडतोच. वर्ष सरता सरता मावशीचा पट्टा मुदत संपून आपोआप गळून पडला. सरांच्या द्विकेंद्री लेखाला बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याला मंजुरी लगेच आली. या टप्प्यात पिल्लं सापडली तर त्यांना पट्टे बांधायचे, आणि त्यांच्या ठिपक्यांवरून 'तरस सफारी' आखायची. पर्यटकांच्या मोबाईलवर ठिपका दिसणार, आणि जीप तिकडे वळणार. डोंगर फोडायचा नाही असा आदेश होता, रस्ता करायचा नाही असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. रस्त्याचं आणि तंबूंचं काम नाना भोइट्यांना मिळालं होतं. खडी त्यांच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या क्रशरवर तयारच होती.

त्या हिवाळ्यात छबूताईंचा फोन आला. "मॅडम, या. पण एकट्याच या."

आम्ही समोरच्या कातळावर पालथ्या पडून बघत होतो. उन्हं कलली होती. मावशी कपारीच्या तोंडाशी पसरली होती. पट्ट्यानं झिजलेले तिच्या मानेवरचे केस पुन्हा उगवायला लागले होते, आणि तीन पिल्लं त्याच जागी तोंड खुपसून धुडगूस घालत होती. एक सारखं घसरून खाली पडायचं आणि पुन्हा चढायचं. किती वेळ गेला कळलं नाही. मी काही केल्या तिथून हलायला तयार नव्हते.

त्या कातळावर रेंज होती. फोन थरथरला. बर्वे सर.

"चौगुले, काय बातमी? पिल्लं दिसली का? इथं नाना बसलेत माझ्यासमोर, रस्ता कुठून काढायचा विचारताहेत."

छबूताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या लुगड्याला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होत्या. समोर ते घसरणारं पिल्लू अखेर मावशीच्या पाठीवर पोचलं होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "डोंगर रिकामा आहे."